जिन्याखालची येझदी

बालमित्रांनो,

आज तुम्हाला एका म्हाताऱ्या मोटरसायकलची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट आमच्या शहागंजातली आहे आणि ती सुरू होते कांद्याच्या टोपलीपासून!

शहागंज म्हणजे आमच्या छत्रपती संभाजीनगरातला, जुन्या माणसांच्या तोंडी औरंगाबादेतला, अगदी गजबजलेला भाग. मधोमध निजामाच्या काळातला घड्याळाचा टॉवर. भोवती भाजीवाले, फळांच्या हातगाड्या, कपड्यांची दुकानं आणि रिक्षांची पों पों. 'जरा सरका' म्हटलं तर समोरच्याला सरकायला जागा नाही, अशी गर्दी. या गर्दीतून एका बोळात शिरलं की जुने वाडे लागतात. त्यातल्याच एका वाड्यात आमच्या शाळेतला एक मुलगा राहतो.

गेल्या वर्षी गणपतीचं विसर्जन झालं आणि मी पाचवीच्या वर्गाला निबंध दिला : 'आमच्या घरातली सर्वांत जुनी वस्तू'. कोणी पितळी तांब्याबद्दल लिहिलं, कोणी जात्याबद्दल, कोणी आजीच्या हिमरू शालीबद्दल. एका पठ्ठ्याने तर सरळ 'आमची पणजी' असं लिहून टाकलं! पण एका वहीत चारच ओळी होत्या :

'आमच्या घरात आबांची येझदी गाडी आहे. ती जिन्याखाली आहे. आई तिच्या सीटवर कांद्याची टोपली ठेवते. दिवाळीच्या साफसफाईत ती भंगारात जाणार आहे.'

बस्स. एवढाच निबंध. दहापैकी किती गुण द्यावेत, मला समजेना. मग मी खाली लाल पेनने लिहिलं, 'ती गाडी कुठे कुठे गेली होती, हे आबांना विचारून ये.'

दुसऱ्या दिवशी वही आली ती चार पानं भरून! आबा म्हणजे त्याचे आजोबा. त्यांनी १९८२ साली ही येझदी रोडकिंग घेतली. पहाटे तीनला उठून ते पैठणच्या बाजूच्या शेतांवर जायचे, माल ठरवायचे आणि उजाडायच्या आत मंडईत परत यायचे. याच गाडीवर आजीला दवाखान्यात नेलं आणि परत येताना तिच्या मांडीवर पप्पा होते, म्हणजे नुकतेच जन्मलेले! म्हैसमाळच्या घाटात एकदा साखळी तुटली, तेव्हा आबांनी गाडी ढकलत आणली. सगळं सगळं लिहिलं होतं. शेवटची ओळ अशी होती : 'सर, आबा सांगताना मधेच गप्प झाले. गाडी चालू होऊ शकते का?'

आता आली का पंचाईत! मी शाळेत गणित शिकवतो, परिसर अभ्यास शिकवतो. मोटरसायकल दुरुस्तीतलं मला ओ की ठो कळत नाही. पण मुलाने प्रश्न विचारला की 'मला माहीत नाही' म्हणून विषय संपवायचा नाही, हा माझा नियम. म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्या वाड्यात गेलो.

जिन्याखाली अंधार होता. आबांनी टोपली उचलली, पोतं बाजूला केलं. दोन्ही टायर बसलेले, चाकांच्या तारा गंजलेल्या, आरशावर कोळ्याचं जाळं. टाकी उघडली तर वार्निशसारखा वास आला. पेट्रोल वर्षानुवर्षं पडून राहिलं की त्याचा असा चिकट राळ होतो, बरं का. आबांनी किक मारून पाहिली. किक जागची हलेना.

''गुरुजी, इंजिन जाम झालंय,'' आबा म्हणाले. ''बारा वर्षं झाली उभी आहे. राहू द्या आता.''

मुलाचे पप्पा वाळूजला एका छोट्या कारखान्यात लेथवर काम करतात. ते म्हणाले, ''सर, कंपनीच राहिली नाही हिची. पार्ट कुठून आणायचे?''

पप्पांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ही गाडी मुळात कुठली, ते ऐका. युरोपात चेकोस्लोव्हाकिया नावाचा देश होता. तिथे जानेचेक नावाच्या कारखानदाराने १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटरसायकल बनवण्याचा विभाग विकत घेतला. जानेचेकचा 'जा' आणि वांडररचा 'वा' मिळून नाव झालं 'जावा'. भारतात रुस्तुम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला 'आयडियल जावा' ही कंपनी काढली आणि १९६१ पासून तिथे जावा गाड्या बनू लागल्या. १९७३ पासून त्याच गाड्यांचं नाव झालं येझदी. पुढे चार-स्ट्रोकच्या, कमी पेट्रोल खाणाऱ्या गाड्या आल्या, धुराचे नियम कडक होत गेले आणि १९९६ साली म्हैसूरचा कारखाना बंद पडला. कारखाना बंद म्हणजे नवे सुटे भाग बंद. मग अशा गाडीने जगायचं कसं?

तरीही त्या गाड्या जगल्या. कशा, ते मला आमच्याच बोळाच्या तोंडाशी समजलं. तिथे एक म्हातारे मिस्तरी बसतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात. आता ते जास्त करून स्कुट्या आणि रिक्षा दुरुस्त करतात. आम्ही 'येझदी' म्हटल्याबरोबर त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

''रोडकिंग? आवाज कैसा था उसका, मालूम है?'' आणि त्यांनी तोंडानेच गाडीचा आवाज काढून दाखवला! आबा हसले. बाजूचा पंक्चरवाला हसला. ''मास्तर, एक बात सुनो,'' चाचा मला म्हणाले, ''ये गाडी को मारना नै. मनाना पडता.''

मनवायचं म्हणजे काय, तर असं. इंजिनात सिलेंडर असतो. त्यात पिस्टन वर-खाली होतो, आपल्या सायकलच्या पंपासारखा. पिस्टनच्या भोवती लोखंडी रिंगा असतात. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की दमट हवेने रिंगा आणि सिलेंडर गंजून एकमेकांना धरून बसतात. मग जोर लावला तर काहीतरी मोडणार. म्हणून चाचांनी वरचा प्लग काढला आणि त्या भोकातून डिझेल आणि ऑईल आत सोडलं. ''आठ दिन इसको हात नै लगाना,'' ते म्हणाले. आठ दिवसांनी गाडी गिअरमध्ये टाकायची आणि मागचं चाक हातांनी हळूच पुढे-मागे हलवायचं. आज केसभर, उद्या बोटभर.

मित्रांनो, आठ दिवस थांबणं किती अवघड असतं! आमच्या विद्यार्थ्याने कॅलेंडरवर फुल्या मारायला सुरुवात केली. पण धीर सुटला तो त्याचा नाही, पप्पांचा. पाचव्या दिवशी रात्री कामावरून आल्यावर त्यांना वाटलं, एकदा बघूया तरी. ते किकवर उभे राहिले आणि सगळं वजन टाकलं. आतून 'कट्ट' असा आवाज आला. किकच्या शाफ्टचे दाते तुटले होते.

येझदीची एक गंमत आहे. तिची किक आणि गिअरचा दांडा एकच असतो. दांडा एका बाजूला फिरवला की किक, दुसऱ्या बाजूला फिरवला की गिअर. म्हणजे तो शाफ्ट गेला की किकही गेली आणि गिअरही गेला.

त्या रात्री घरात कोणी कोणाशी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मुलगा वर्गात मान खाली घालून बसला होता. मधल्या सुट्टीत मला म्हणाला, ''सर, पप्पांनी मुद्दाम नाही केलं. पण आबा म्हणाले, बोलवा आता भंगारवाल्याला.''

दिवाळीला तेव्हा तीन आठवडे उरले होते.

चाचांनी मात्र कपाळाला आठीसुद्धा पाडली नाही. त्यांनी खिशातून छोटी, तेलकट वही काढली. त्यात नुसते फोन नंबर आणि समोर गावांची नावं. जालना, बीड, पैठण, अहिल्यानगर, पुणे. त्यांनी जालन्याच्या एका मिस्तरींना फोन लावला. त्या मिस्तरींनी आणखी कोणाला तरी लावला. असं करत करत निरोप पोचला एस.टी.तून निवृत्त झालेल्या एका वाहककाकांपर्यंत. त्यांच्याकडे दोन येझदी होत्या, एक चालू आणि एक सुट्या भागांसाठी ठेवलेली.

रविवारी सकाळी ते काका रेल्वेने आले. खांद्याला पिशवी आणि पिशवीत धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला शाफ्ट! आबांची आणि त्यांची आयुष्यात कधी भेट झालेली नव्हती. पण पाच मिनिटांत दोघे असे बोलायला लागले, की जणू एका वर्गात शिकलेले. तुमची कुठल्या सालची? टाकीचा रंग मूळचाच का? पावसात पॉईंट भिजायचे का हो? आईने दोनदा चहा केला, पोहे केले, तरी गप्पा संपेनात.

निघताना आबांनी पैसे काढले. काकांनी हात जोडले. ''हा शाफ्ट मला अकोल्याच्या एका माणसाने दिला होता. त्यानेही पैसे घेतले नाहीत. एकच अट घातली होती, तुमच्याकडे जास्तीचं काही असेल आणि कोणाची गाडी त्याच्यावाचून अडली असेल, तर नाही म्हणायचं नाही. तीच अट तुम्हाला.''

बालमित्रांनो, कंपनी १९९६ साली बंद झाली. जावा हे नाव नव्या कंपनीने पुन्हा बाजारात आणलं ते २०१८ साली आणि येझदी हे नाव २०२२ साली. मधल्या बावीस-पंचवीस वर्षांत या जुन्या गाड्या चालू ठेवल्या त्या कुठल्या कंपनीने नव्हे. अशा तेलकट वह्यांनी आणि फडक्यात गुंडाळलेल्या शाफ्टांनी त्या चालू ठेवल्या. पुण्या-मुंबईला, बंगळूरला या गाड्यांच्या मालकांचे मोठे गट आहेत. जुलै महिन्याचा दुसरा रविवार ते 'आंतरराष्ट्रीय जावा दिवस' म्हणून साजरा करतात आणि आपापल्या गाड्या घेऊन एकत्र जमतात. त्यांत डॉक्टर असतात तसे फिटर असतात, कॉलेजातली पोरं असतात तसे सत्तरीचे आजोबाही. कोण कुठल्या जातीधर्माचा, कोणाचा पगार किती, हे तिथे पहिल्यांदा विचारलं जात नाही. पहिला प्रश्न असतो, 'तुमची कुठल्या सालची?'

आता आईचं मन वळवायचं होतं. दिवाळीची मुदत आईनेच घातली होती आणि तिचंही बरोबर होतं. जागा लहान आणि सामान फार. शेवटी तिने संक्रांतीपर्यंत मुदत वाढवली. अट एकच : कांद्याला दुसरी जागा करून द्यायची! पप्पांनी भिंतीला फळी ठोकून दिली.

मग दर रविवारी वाड्यात काम सुरू झालं. तुटका शाफ्ट बदलायचा म्हणजे इंजिन खोलावंच लागणार होतं. चाचा खोलायचे, आबा दिवा धरायचे आणि आपला विद्यार्थी निघालेला प्रत्येक नट-बोल्ट धुवून जुन्या अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवायचा. कुठला बोल्ट कुठून निघाला, ते वहीत चित्र काढून लिहायचं, हे त्याचं काम. त्याची चित्रकला वर्षभरात जेवढी सुधारली नव्हती तेवढी त्या दोन महिन्यांत सुधारली! रिंगा खराब झाल्या होत्या, पण आबांच्या पत्र्याच्या पेटीत नव्या रिंगांचा एक जोड कागदात तसाच होता. टाकीतला गंज काढायला पप्पांनी आधी जुनं पेट्रोल काढून टाकी चार दिवस उन्हात उघडी ठेवली. मग त्यात बारीक खडी आणि डिझेल घालून सगळ्यांनी आळीपाळीने ती खळखळ हलवली. आईनेसुद्धा! मागच्या फोर्कचा एक बुश कुठेच मिळेना. तो पप्पांनी आपल्या मालकांना विचारून, सुट्टीच्या वेळात, लेथवर स्वतः बनवला. तो बुश बसवताना आबा पप्पांना म्हणाले, ''अगदी बरोब्बर बसला रे.'' एवढंच म्हणाले. पण पप्पांचा चेहरा मी पाहिला. शाफ्ट तुटल्यापासून दोघांत जे अवघडलेपण होतं ते त्या दिवशी गेलं.

आणि मग आली परीक्षा. माझी नाही, माझ्या विद्यार्थ्याची.

आबांच्या त्या पेटीत हेडलाईटची एक कोरी काच होती. जाड, आतून उभ्या रेघा असलेली, म्हैसूरहून आलेल्या कागदातच गुंडाळलेली. ती काच म्हणजे या मुलाचा जीव की प्राण. डोळ्यांसमोर धरली की वाडा वाकडातिकडा दिसायचा. गाडी तयार झाली की हीच काच लावायची, हे त्याने मनात पक्कं केलं होतं. गाडीवरच्या काचेला एक तडा होता, पण काम भागत होतं.

डिसेंबरात जालन्याच्या काकांचा फोन आला. बीडकडच्या एकाची गाडी पडली होती आणि हेडलाईटची काच चक्काचूर झाली होती. बाकी गाडी ठणठणीत, पण दिव्यावाचून अडलेली. तुमच्याकडे आहे का?

आबांनी फोनवर 'विचारून सांगतो' म्हटलं आणि पेटी नातवापुढे ठेवली. ''तू ठरव. मी जबरदस्ती करणार नाही.''

तो माझ्याकडे आला. ''सर, आपली पण गाडी आहे ना? मग आपली काच का द्यायची? आपल्याला तडा गेलेली आणि त्यांना कोरी?'' मी काय सांगणार? 'दे' म्हटलं असतं तर ते माझं देणं झालं असतं. मी एवढंच म्हटलं, ''तुझी गाडी कशामुळे अडली होती आणि कशामुळे सुटली, ते वहीत लिहून बघ.''

त्याने दिली. अगदी हसत हसत दिली असं खोटं कशाला सांगू? दोन दिवस तो कोणाशी धड बोलला नाही. पण आठवड्याने आबांच्या मोबाईलवर एक फोटो आला. रात्रीचा रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस आणि मधे त्या काचेतून पडलेला पिवळा उजेड. तो फोटो त्याने मला तीनदा दाखवला.

संक्रांतीच्या आदल्या रविवारी वाड्यात ही गर्दी! चाचा, पंक्चरवाला, जालन्याचे काका, शेजारीपाजारी, आमच्या वर्गातली सात-आठ मुलं. दोन-स्ट्रोक गाडीत ऑईल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. आबांनी लिटरला ४० मिलिलिटर मोजून घातलं. चाचांनी पॉईंट घासले. पॉईंट म्हणजे एक छोटीशी उघडझाप करणारी कळ. ती उघडली की कॉईलमधून प्लगला विजेचा झटका जातो आणि ठिणगी पडते. पहिली किक, काही नाही. दुसरी, काही नाही. सातवी, आठवी... चाचांनी कार्बोरेटर पुन्हा साफ केला. विसाव्या किकेला की काय, एकदम 'धप्प' झालं, निळा-पांढरा धूर निघाला आणि मग तो आवाज! चाचांनी तोंडाने काढून दाखवला होता अगदी तसा. आई पदराने नाक धरून हसत होती. आबांनी हँडल धरलं होतं आणि ते काहीच बोलत नव्हते.

मुलं ओरडली, ''आबा, टॉवरपर्यंत एक चक्कर!''

आबांनी गाडी बंद केली. ''नाही. कागद झाल्याशिवाय वाड्याच्या बाहेर नाही.''

मुलं हिरमुसली, पण आबांचं बरोबर होतं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर ५ वर्षांनी ती पुन्हा करावी लागते. त्यासाठी गाडी आर.टी.ओ. कार्यालयात दाखवावी लागते, विमा लागतो, धुराची तपासणी लागते. ते काम अजून चालू आहे. म्हणून जुलैच्या दुसऱ्या रविवारी, जावा दिवसाला, आमची येझदी कुठे गेली नाही. बाकीचेच तिच्याकडे आले! वाड्याबाहेर चार जुन्या गाड्या उभ्या होत्या. बीडचे ते गृहस्थही आले होते, ती काच घेऊन, म्हणजे गाडीला लावून! मुलाने काचेवरून एकदा हात फिरवला. मग त्याने त्यांना विचारलं, ''तुमची कुठल्या सालची?''

त्या दिवशी मुलांनी मला विचारलं, ''सर, याच्याहून म्हाताऱ्या गाड्या असतात का?'' असतात की! आपला मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या संस्थानात होता. त्या संस्थानातला १९१४ सालचा एक आगीचा बंब आहे. इंग्लंडमधल्या जॉन मॉरिस कंपनीने बनवलेला. आज तो दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. शंभरी उलटलेला हा बंब दिल्लीच्या जुन्या गाड्यांच्या रॅलीत स्वतःच्या चाकांवर धावलेला आहे. आणि मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी? सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची ती गाडी. तिच्यातली शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मुदत असते. म्हणून ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. आता पद्मिनी दिसेल ती कोणीतरी हौसेने सांभाळलेलीच.

म्हणजे गाडी जुनी होण्यात विशेष काही नाही. ती आपोआप जुनी होते. पण ती चालू राहायला एकटा माणूस पुरत नाही. एकाकडे शाफ्ट असतो, एकाकडे लेथ, एकाच्या कानात आवाज असतो आणि एकाच्या वहीत बोल्टचं चित्र. ते एकत्र आले तर गाडी चालते. आणि गाडीच्या निमित्ताने ती माणसं एकमेकांची होतात, हा नफा वेगळाच.

करून बघा

१. दोन-स्ट्रोक इंजिनात चाकदांडा (क्रँक) एकदा फिरला की प्लगची ठिणगी एकदा पडते. इंजिन मिनिटाला ३,००० वेळा फिरत असेल, तर एका सेकंदात किती ठिणग्या? चार-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. मग सेकंदात किती स्फोट?

२. लिटरला ४० मिलिलिटर ऑईल, तर साडेसात लिटर पेट्रोलला किती?

३. आपल्या घरातली बंद पडलेली एक वस्तू शोधा. घड्याळ, शिलाई मशीन, रेडिओ, सायकल, काहीही. ती कोणी आणली, कधी बंद पडली, आणि ती दुरुस्त करू शकणारा माणूस तुमच्या गावात कोण आहे, ते मोठ्यांना विचारून दहा ओळी लिहा. विजेच्या वस्तूंना आणि पेट्रोलच्या टाकीला मात्र मोठ्या माणसांशिवाय हात लावायचा नाही. पेट्रोलची नुसती वाफही पेट घेते, हे विसरू नका.

पालकांसाठी दोन शब्द

दोन-स्ट्रोक गाडी आजच्या गाडीपेक्षा जास्त धूर सोडते, तेव्हा ती रोजच्या वापरासाठी नव्हे. गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी असेल आणि मूळ रूपात असेल, तर २०२१ च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार तिची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी करता येते. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं किंवा देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. भंगारात देण्याआधी हे एकदा पाहून घ्या. आणि प्रत्येक जुनी वस्तू ठेवलीच पाहिजे असंही नाही, घरात जागा लागते. पण टाकण्याआधी मुलांना तिची गोष्ट जरूर सांगा. आमच्या विद्यार्थ्याच्या त्या चार ओळींची चार पानं झाली, ती आबांनी सांगितली म्हणून.

हो, आणि त्या निबंधाला मी किती गुण दिले, हे सांगायचं राहिलंच. पहिल्या चार ओळींना दहापैकी तीन. पुढच्या चार पानांना दहापैकी नऊ. एक गुण कापला, कारण त्याने 'येझदी' हा शब्द पाच ठिकाणी पाच प्रकारे लिहिला होता!

तुमच्या दहा ओळींची वाट पाहतो आहे. भेटू पुढच्या आठवड्यात.

तुमचे,
शहागंजचे सर